ठिणगी आणि पाणी

शहरांचा इतिहास लिहिताना आपण वेशी मोजतो, घुमटांची उंची देतो, कोणत्या सुभेदाराने कोणती इमारत उठविली याच्या नोंदी करतो. औरंगाबादच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. १६१० साली मलिक अंबरने खडकी येथे वसविलेले, त्याचा मुलगा फत्तेखान याच्या काळी फतेहनगर म्हणविले गेलेले, औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आल्यानंतर औरंगाबाद झालेले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाणारे हे शहर. त्याच्या नावांवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या शतांशानेही येथील कारागिराच्या वाट्याला आलेली नाही. त्यातल्या त्यात विणकराचा उल्लेख होतो, कारण हिमरू आणि पैठणी या वस्तू डोळ्यांत भरणाऱ्या आहेत. मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे नाव मात्र कोणत्याच बखरीत सापडणार नाही. त्याचे काम असे, की ते उत्तम झाले म्हणजे दिसेनासे होते. गाडी निघून जाते आणि मागे फक्त जमिनीवरचा तेलाचा डाग राहतो.

प्रस्तुत लेखात त्या मिस्त्रीच्या एकाच विद्येचा, म्हणजे निदानाचा, इतिहास पाहावयाचा आहे. पाना फिरविणे हे हाताचे काम. ते सरावाने येते. कोणता नट कशासाठी फिरवावयाचा हे ठरविणे हे बुद्धीचे काम. गाड्यांच्या तक्रारी शेकडो असल्या, तरी दोन तक्रारी मोटारीच्या जन्मापासून आजतागायत चालत आल्या आहेत. एक, इंजिन एका लयीत चालत नाही, मधूनच एखादा ठोका चुकतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करते. दुसरी, गाडीतले पाणी कमी होते. या दोन तक्रारी सुट्या सुट्या आल्या तर मिस्त्री फारसा विचलित होत नाही. एकाच गाडीत, एकाच आठवड्यात, दोन्ही आल्या म्हणजे मात्र तो हातातला चहाचा कप खाली ठेवतो. असे का होते, हे समजून घेतले की या विद्येचे मर्म कळते.

* * *

प्रथम मूळ गोष्ट पाहू. १८७६ साली निकोलाउस ऑटो या जर्मन माणसाने चार धावांचे इंजिन चालवून दाखविले. हवा आणि इंधन आत ओढणे, ते दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे, या त्या चार धावा. आजही पेट्रोलच्या मोटारी याच क्रमाने चालतात. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडरात २५. एवढ्या गर्दीत एखादी ठिणगी चुकली, किंवा ठिणगी पडूनही मिश्रण पेटले नाही, तर तो ठोका रिकामा जातो आणि गाडीला कंप सुटतो.

जळण्याच्या क्षणी सिलिंडरातील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. आणि ज्या ॲल्युमिनियमचे हेड बनवितात, ते धातू ६६० अंशांना वितळते! इंजिन वितळत नाही याचे कारण एवढेच, की भट्टीभोवती सतत पाणी खेळत असते. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा हे पाणी वाहून नेते. तेव्हा मोटार म्हणजे आग आणि पाणी यांना एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावर ठेवून चालविलेला संसार आहे. आग विझू द्यावयाची नाही आणि पाणी आटू द्यावयाचे नाही, एवढ्यातच दुरुस्तीचे निम्मे शास्त्र आले.

मोटारीने लांबचा पहिला प्रवास केला त्या दिवशीच हे सिद्ध झाले. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेन्झ याची पत्नी बेर्टा ही आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांच्या थोडे पुढे. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊनच इंजिन थंड राहत असे, त्यामुळे वाटेत मिळेल तेथून पाणी घेऊन पुन्हा पुन्हा भरावे लागले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा बेर्टाबाईंनी टोपीला लावावयाच्या टाचणीने ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले तेव्हा पायमोज्याच्या बंधाने ते सावरले. पाणी, इंधन आणि ठिणगी, या तिन्हींची दुरुस्ती त्या एका प्रवासात झाली. गाडी का थांबली याचा विचार करून, एकेक कारण तपासून, हाताशी असलेल्या वस्तूने तिला चालती करणारी ही जगातील पहिली मिस्त्री. आपल्याकडील गॅरेजांत लावलेल्या तसबिरींत या बाईंची तसबीर कोठे दिसत नाही. दिसावयास हवी होती.

* * *

आता पाण्याची गोष्ट. उकळत्या पाण्याच्या पद्धतीने फार दूर जाता येत नव्हते. पाणी फिरवावे, थंड करावे आणि तेच पुन्हा वापरावे, हा पुढचा विचार. विल्हेल्म माइबाख याने १९०० साली मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. आधुनिक मोटारीचा तोंडवळा तेथून ठरला. काही गाड्यांनी पंपदेखील वापरला नाही. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’मध्ये, सुरुवातीच्या थोड्या गाड्या वगळता, गरम पाणी आपोआप वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते एवढ्यावरच काम भागत असे.

पाणी बंद नळातून खेळवावे, त्याच्या दाबाचा उपयोग करावा, वाटेत अडकणारी हवा काढून टाकावी, हा विचार औरंगाबादच्या माणसाला नवा वाटण्याचे कारण नाही. मलिक अंबरने हर्सूलच्या बाजूने भूमिगत कालवा आणून शहराला पाणी दिले, त्याला मोटारीच्या आधी सुमारे तीनशे वर्षे लोटली होती म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ते काम आणि विसाव्या शतकात येथे आलेली मोटार. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अठराव्या शतकातील. तिचे पाणी डोंगरातल्या झऱ्यातून मातीच्या नळांनी कित्येक मैल येते आणि उंचावरून पडून जात्याचे चक्र फिरविते. या नहरींवर जागोजागी उतरून पाहण्यासाठी मनुष्यविवरे ठेवलेली आहेत आणि हवेला वाट देण्यासाठी मनोरे उभारलेले आहेत. कारण उघड आहे. बंद नळात पाणी कोठे मुरते हे वरून दिसत नाही. ते पाहण्यासाठी टप्प्याटप्प्यावर तपासाची जागा लागते. हवा कोंडली तर नळ शाबूत असूनही पाणी पुढे सरकत नाही. रेडिएटर भरताना हवा पूर्ण निघेपर्यंत इंजिन चालू ठेवून पाणी घालणारा मिस्त्री नेमके हेच करीत असतो. त्याने ते नहरीवरून शिकले असे नव्हे. पण पाण्याचा स्वभाव सतराव्या शतकात जो होता तोच आजही आहे.

या शहराची आणखी एक अडचण भूगोलाने दिलेली आहे. समुद्रसपाटीपासून ते साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यात मे महिन्याचे ऊन चाळिशी ओलांडणारे. आणि चाळीसगावकडून कन्नडकडे चढणारा घाट, ज्याला जुने लोक औट्रम घाट म्हणतात, तो इंजिनाची परीक्षाच पाहतो. भरलेली गाडी पहिल्या दुसऱ्या गियरमध्ये रखडत चढते. इंजिनावर भार पूर्ण, पण वेग नसल्याने रेडिएटरला समोरून वारा नाही. पाणी उकळते ते येथे.

यावर दोन उपाय निघाले. एक, रेडिएटरवर दाबाचे झाकण. प्रेशर कुकरमध्ये जसे पाणी अधिक तापूनही उकळत नाही, तसेच येथे. चौरस इंचाला १५ पौंड दाब धरणारे झाकण असेल, तर साधे पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणूनच गरम गाडीचे हे झाकण उघडणे म्हणजे भाजून घेण्याला निमंत्रण. दाब सुटताच आतले पाणी एका क्षणात उकळून वाफेसह तोंडावर येते. दुसरा उपाय शीतक द्रवाचा. गॅरेजमध्ये यालाच कूलंट म्हणतात. एथिलीन ग्लायकॉल हे रसायन १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले ते थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडे त्याचा उपयोग वेगळा: उकळणबिंदू वाढतो आणि त्यात मिसळलेल्या द्रव्यांमुळे आतून गंज चढत नाही. मराठवाड्यातील विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड. ते वर्षानुवर्षे भरले तर चहाच्या किटलीत जसा पांढरा थर बसतो तसा तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि नळ्या बुजतात.

या मुलखात सार्वजनिक मोटार वाहतूक लवकर आली. जून १९३२ मध्ये निजामाच्या राज्यातील रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्ता वाहतूक खाते सुरू केले. सरकारी मालकीच्या बस वाहतुकीचा देशातील हा अगदी आरंभीचा प्रयोग. त्यातील अल्बिअन गाड्या स्कॉटलंडात बनलेल्या होत्या. थंड देशात घडलेले यंत्र दख्खनच्या उन्हात चालवावयाचे, आणि सुटा भाग मागवावा तर तो सातासमुद्रांपलीकडून यावयाचा! अशा परिस्थितीत भाग बदलून पाहू हा मार्गच बंद असतो. नेमके काय बिघडले हे आधी समजावे लागते, मगच हात घालावा लागतो. टंचाईने निदानाला धार आणली असे म्हटले तर वावगे होणार नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, येथील रस्त्यांवर एस.टी. धावू लागली, आणि चिकलठाण्याला तिची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली.

* * *

ठिणगीचा इतिहासही असाच क्रमाक्रमाने घडला. आरंभी तापलेली नळी आत खुपसून मिश्रण पेटवीत. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याबरोबरचा स्पार्क प्लग तयार केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने बॅटरी आणि कॉईल यांवर चालणारी पद्धत आणली. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसली. डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल आणि प्लग हा जो पंचक ॲम्बॅसडर आणि फियाटच्या मिस्त्रीला तोंडपाठ होता, तो या पद्धतीचा वंशज. १९५७ ते २०१४ एवढा दीर्घकाळ ॲम्बॅसडर बनत राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटने, पुढे पद्मिनी या नावाने, पिढीच्या पिढी मिस्त्री घडविले. त्या गाड्यांत सगळे उघड्यावर असे. हात घातला की हवा तो भाग सापडे.

चार सिलिंडरांपैकी कोणता चुकतो हे कसे ओळखावे? ‘मॉडेल टी’ला प्रत्येक सिलिंडरासाठी वेगळी थरथरणारी कॉईल असे. चालक एकेक कॉईल बोटाने दाबून बंद करी. चालू सिलिंडराची कॉईल दाबली की इंजिन आणखी अडखळे. मुळात मेलेल्या सिलिंडराची दाबली तर काहीच फरक पडत नसे. दोषी तोच! फियाटच्या मिस्त्रीने पुढे हेच काम प्लगची टोपी एकेक काढून केले. डिझेल गाडीत ठिणगी नसते, म्हणून एस.टी.च्या आणि मालट्रकच्या मिस्त्रीने इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करून तेच केले. यंत्र बदलले, इंधन बदलले, युक्तिवाद एकच. जे काढल्याने काही बिघडत नाही ते आधीपासूनच बिघडलेले आहे.

दोषी सिलिंडर सापडला की प्लग काढून त्याचे तोंड पाहावयाचे. वैद्याने जीभ पाहावी तसा हा प्रकार. फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. ओला तेलकट काळा रंग म्हणजे रिंगा झिजल्या. आणि आजूबाजूचे प्लग तपकिरी असताना एकच प्लग घासूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ दिसला, तर नवशिका खूश होतो आणि जाणता गंभीर होतो. कारण तो प्लग वाफेने धुतला गेलेला असतो. पाणी जेथे जावयास नको तेथे पोचलेले असते.

* * *

आता त्या जोडतक्रारीकडे येऊ. समजा, एक गाडी सकाळी सुरू केली की मिनिटभर थरथरते, मग नीट चालते. दिवसभर तक्रार नाही. पण आठवड्याला तांब्याभर पाणी घालावे लागते आणि गाडीखाली थेंबही दिसत नाही. मालक दोन तक्रारी सांगतो; बहुधा दोन वेगळ्या दिवशी सांगतो. मिस्त्रीला मात्र तीन शक्यतांचा विचार करावा लागतो.

पहिली शक्यता, दोन्ही दोष खरोखरच वेगळे आहेत. प्लग जुने झाले आहेत आणि पाण्याच्या पंपाचे सील झिरपते आहे. झिरपलेले पाणी गरम इंजिनावर पडून वाळते, म्हणून खाली डाग नाही. पण जवळून पाहिले तर पांढरा किंवा कूलंटच्या रंगाचा ओघळ सापडतो. दुसरी शक्यता, गळती बाहेरचीच आहे पण ती ठिणगीवर पडते. थर्मोस्टॅटच्या जोडापाशी किंवा रबरी पायपाच्या क्लिपेपाशी थेंब सुटतो, तो प्लगच्या खळग्यात किंवा कॉईलवर उतरतो आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता ओल्या वाटेने पळते. येथे क्लिप घट्ट करून आणि खळगा वाळवून काम भागते. तिसरी शक्यता सर्वांत वाईट. ब्लॉक आणि हेड यांच्यामधला पातळ पडदा, म्हणजे हेड गॅस्केट, फाटला आहे.

हा पडदा एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: सिलिंडरातला जळता वायू, भोवतालचे पाणी आणि वंगणाचे तेल. ॲल्युमिनियम तापून लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असेल, तर प्रत्येक तापण्या-निवण्यात दोघे एकमेकांवर घासतात आणि मधला पडदा सोसत राहतो. एकदा गाडी जास्त तापली की हेड किंचित वाकते आणि पडद्याला फट पडते. मग गाडी उभी केल्यावर तापलेल्या पाण्याचा उरलेला दाब रात्री थेंब थेंब पाणी सिलिंडरात ढकलतो. सकाळी त्या सिलिंडराचा प्लग ओला; म्हणून पहिला मिनिट मिसिंग. पाणी जळून वाफ झाले की गाडी सुधारते. दोन तक्रारी, पण आजार एक. सकाळची थरथर आणि आठवड्याचा तांब्या यांचे नाते ज्याने जोडले त्याने अर्धे काम केले.

पुराव्यासाठी जुन्या उस्तादांची रीत अशी. गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी. सकाळी झाकण काढून इंजिन सुरू करावे आणि पाण्याकडे पाहत राहावे. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे एका तालात येतच राहिले, तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरतो आहे. वरचा रबरी पाइप इंजिन तापण्यापूर्वीच हाताला दगडासारखा लागला, तर अर्थ तोच. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल दुधट चहासारखे झाले असेल तर पाणी तिकडेही पोचले. अधिक खात्री हवी असेल तर रेडिएटरवर हातपंपाने दाब देऊन तो तसाच ठेवावा, मग सगळे प्लग काढून स्टार्टर मारावा. ज्या छिद्रातून पाण्याचा फवारा उडेल तो दोषी. अलीकडे एक रासायनिक कसोटीही वापरतात. ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रवातून रेडिएटरमधली हवा ओढली असता, तीत धुरातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा द्रव पिवळा पडतो.

फसव्या लक्षणांपासूनही सावध राहावे लागते. वातानुकूलित गाडीखाली उन्हाळ्यात जे पाणी ठिबकते ते हवेतल्या बाष्पाचे; ते रंगहीन आणि बिनवासाचे असते, तर कूलंट रंगीत आणि बोटाला चिकट लागते. डिसेंबरच्या थंड पहाटे सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ दोन मिनिटांत थांबली तर ती निरोगी गाडीचीच. गाडी गरम होऊनही ती येत राहिली आणि तिला गोडसर वास असला, तर मात्र हेड उतरवावेच लागते. टाळाटाळीची किंमत मोठी आहे. तेलात पाणी मिसळले की वंगण जाते, बेअरिंगे खरवडतात. सिलिंडरात पाणी जास्त साठले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅस्केटच्या खर्चात जे निभावले असते ते पुऱ्या इंजिनाच्या खर्चावर जाते. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे, त्या काळीपिवळीच्या वा टेम्पोच्या मालकाला हा फरक संसार हलविणारा असतो.

* * *

यानंतर संगणकाचा काळ आला. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत दोष ओळखणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. सहा हा टप्पा लागू झाला. याच दरम्यान औरंगाबाद स्वतः मोटारींचे गाव झाले. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना उभा राहिला. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. एकेकाळी स्कॉटलंडच्या गाडीची नाडी पाहणाऱ्या मुलखातून आता गाड्या बाहेर जाऊ लागल्या.

मिसिंग ओळखण्याची संगणकाची रीत मोठी मौजेची आहे. क्रँकच्या टोकाला दातेरी चक्र असते. प्रत्येक ठोक्याला क्रँकला किंचित धक्का बसून तो वेग घेतो. ठोका चुकला की तेवढाच मंदावतो. एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागला हे संवेदक मोजतो आणि कोणता ठोका चुकला हे ठरवितो. म्हणजे मिस्त्रीचा कान जे ऐकत होता तेच यंत्र मोजू लागले, आणि नि:संशय अधिक काटेकोरपणे मोजू लागले. मग स्कॅनर लावला की अक्षरे उमटतात: पी ०३०० म्हणजे कोणताही एक सिलिंडर नक्की नाही, पी ०३०३ म्हणजे तिसरा सिलिंडर.

येथेच घोटाळा होतो. तिसरा सिलिंडर चुकतो, हे लक्षण आहे, निदान नव्हे. तो का चुकतो हे यंत्र सांगत नाही. प्लग, कॉईल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट, सर्वांचा आकडा एकच. आकड्यालाच उत्तर समजणारा माणूस आधी प्लग बदलतो, मग कॉईल, मग इंजेक्टर. प्रत्येक वेळी गाडी दोन दिवस बरी वाटते आणि बिल वाढत जाते. पाणी कमी होते हे मालकाने सांगितलेलेच नसते, कारण त्याला ते कोणी विचारलेलेच नसते. जाणता मिस्त्री स्कॅनरचा उपयोग वेगळा करतो. तिसऱ्याची कॉईल काढून पहिल्याला बसवितो. दोष पहिल्याकडे गेला तर कॉईल अपराधी; तिसऱ्यापाशीच राहिला तर कॉईल निर्दोष सुटली. ‘मॉडेल टी’च्या चालकाने बोटाने जे केले त्याचीच ही नवी आवृत्ती.

याचा अर्थ जुने ते सगळे सोने, असा मात्र नव्हे. जुन्या गॅरेजांतही अंधश्रद्धा होत्या. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकण्याची चाल सर्वत्र होती. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोचत नसे, पेट्रोल जास्त लागे आणि झीज वाढे. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय रस्त्यावर अडकलेल्याला गावापर्यंत पोचवीत असे हे खरे. पण तीच हळद पुढे बारीक नळ्यांत बसून पाण्याची वाट अडवी. उपाय कशावर आणि किती वेळ चालतो हे ज्याला माहीत, त्याच्या हाती हळद म्हणजे औषध. इतरांच्या हाती नवा रोग. शिवाय ही विद्या उस्तादाकडून चेल्याकडे तोंडी जात असल्याने, उस्तादाबरोबर पुष्कळदा ती संपत असे.

खरी हानी ही आहे. या शहरात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, एस.टी.ची कार्यशाळा आहे, मोठमोठे कारखाने आहेत. यंत्रांचे आराखडे जपून ठेवलेले आहेत. परंतु एखाद्या उस्तादाने पन्नास वर्षांत कोणती लक्षणे पाहिली, कोणत्या वेळी तो फसला आणि त्याला खरे कारण कसे सापडले, याची टिपणे कोठेही नाहीत. इतिहास संशोधकाने मोडीचा कागद जसा तत्परतेने जपला, तशीच तत्परता या जिवंत दप्तराविषयी दाखविण्याची वेळ आली आहे. हे काम फार खर्चाचे नाही. एक वही आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरे.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. त्यांत ठिणगी नाही, म्हणून मिसिंगही नाही. तथापि त्यांतील पुष्कळ गाड्यांच्या बॅटऱ्या तापू नयेत म्हणून त्यांच्याभोवती शीतक द्रव खेळवावाच लागतो, आणि जेथे द्रव आहे तेथे जोड आहे, जोड आहे तेथे गळती आहे. उद्याचा मिस्त्री कदाचित पाना कमी आणि संगणक अधिक वापरील. पण दोन तक्रारी समोर आल्या असता, त्या दोन आहेत की एकाच आजाराच्या दोन खुणा आहेत, हा प्रश्न त्यालाही स्वतःलाच विचारावा लागेल.